नख अडतं तिथं

डिचोलीत बाबा समया ओतायचे.
आधी मेणाची समई, वर माती, मग आच.
मेण वितळून निघून जायचं
आणि त्याच्या नसण्यात पितळ शिरायचं.
थंड झालं की कडेवरून ते नख फिरवायचे.
डोळ्यांवर त्यांचा भरवसा नव्हता.
म्हणायचे, नख अडतं तिथं काम बाकी.

दाबोळीच्या इंजिन-शॉपमध्ये पहिल्याच दिवशी
चीफ निळकंठननी तळहातावर एक पातं ठेवलं,
कडुलिंबाच्या पानाएवढं, पण जड.
‘हेही मेणातूनच येतं, च्यारी.’
मला हसू आलं.
घरातून पळून मी घरीच आलो होतो.

गिळायचं, दाबायचं, जाळायचं, फेकायचं.
एवढंच करतं ते.
आजोबांचा भाताही एवढंच करायचा, फक्त दम खात.
हे दम खात नाही.
सुरुवातीची इंजिनं म्हणे पंचवीस तासांत म्हातारी व्हायची,
पाती लांबायची, भेगाळायची.
मग कुणीतरी पात्याला आतून पोकळ केलं,
अंगभर केसाएवढी छिद्रं पाडली.
आता भोवतीचा जाळ धातू वितळेल इतका,
आणि पातं आपल्याच छिद्रांतून वारा सोडत
त्यात उभं.

आमच्याकडचं तर चार तोंडांचं.
तोंडं खाली वळवली की विमान हवेत थांबायचं,
जहाजाच्या डेकवर उभ्याउभ्या उतरायचं.
मे महिन्यात वास्कोची हवा पातळ होते,
तेव्हा त्याला पाणी पाजावं लागे, शुद्ध केलेलं,
पुरायचं दीड मिनिट.
दीड मिनिटात पाय टेकायचे.
पाणी भरण्याचं काम माझं होतं.

बायणाच्या मासळीवर घारी जमतात
आणि घारींना धावपट्टी कळत नाही.
एकदा पंख्यात अर्धं पीस सापडलं.
सतरा पाती मी कानशीनं घासली, नख फिरवत,
संध्याकाळपर्यंत.
जेवताना हाताला वास येत होता.

लेफ्टनंट कुरियन विमानात चढताना
इंजिनाच्या तोंडावर थाप मारायचा.
‘च्यारी, रात्री झोपली का ही नीट?’
मी म्हणायचो, तुझ्यापेक्षा बरी.

अकराव्या दिवशी पाणबुड्यांनी इंजिन वर काढलं.
गोड्या पाण्याचा पाइप मीच धरला होता.
गाळ, वाळू, नळीत एक चिमुकली कुर्ली, जिवंत.
आणि पंख्याची पाती
सगळीच्या सगळी वाकलेली,
फिरण्याच्या उलट दिशेला,
वाऱ्यानं माड वाकावेत तशी.
चौकशीचा अधिकारी वाकला, मोजलं, लिहून घेतलं:
आदळताना इंजिन फिरत होतं.

म्हणजे ते बंद पडलं नव्हतं.
म्हणजे माझ्या पान्याची, माझ्या पाण्याची,
माझ्या सहीची चूक नव्हती.
शॉपमध्ये सगळ्यांचे खांदे खाली आले,
माझेही.
कुणीतरी चहा सांगितला.
मी तो प्यायलो, साखरेसकट,
आणि कप ठेवताना लक्षात आलं
की मला बरं वाटतंय.

त्याची आई कोट्टायमहून आली होती.
तिनं इंजिनाबद्दल काही विचारलं नाही.
विचारलं, त्या दिवशी तो जेवला होता का.
मला माहीत नव्हतं.

निवृत्तीला एक पातं मिळालं,
शिसवी ठोकळ्यावर बसवलेलं.
चिखलीच्या घरात सुलक्षा त्याखाली विजेची बिलं ठेवते.
सकाळी विमानं उठतात, तावदानं वाजतात,
आवाजावरून मी सांगतो कुठलं,
हल्लीची दोन इंजिनांची, फार ओरडतात.
मग बिलं बाजूला सारून
पात्याच्या कडेवरून नख फिरवतो,
टोकापासून मुळापर्यंत.

घसरत जातं.
कुठंतरी अडावं, असं वाटतं.